नरसय्या बिल्डिंगची बतुकम्मा

फुलांनी फरशीला डाग पडतात, हे विधान इंदुताई आडेपवारांच्या तोंडावर करण्याची हिंमत नरसय्या बिल्डिंगच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात कोणी केली नव्हती. या नव्वदांपैकी सुरुवातीची चाळीसेक वर्षे इंदुताई स्वतः तिथे नव्हत्या. परंतु लग्न होऊन आल्याबरोबर त्यांनी त्या काळाचीही जबाबदारी उचलली होती. त्यामुळे तळमजल्यावर ब्युटी पार्लर चालवणाऱ्या मंजुषाने अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावरच्या कोऱ्या पांढऱ्या टाइल्सकडे बोट दाखवून, "काकू, खाली एक प्लास्टिक टाकून घेता का? तरवडाचा पिवळा डाग निघत नाई," असे म्हटले, तेव्हा शेजारच्या पोचूच्या हॉटेलातली गिऱ्हाइके इडलीचा घास हातात धरून थांबली.

इंदुताई रागावल्या नाहीत. रागावण्यासाठी समोरचा माणूस निदान बरोबरीचा असावा लागतो. त्यांनी फक्त "प्लास्टिक" हा शब्द एकदा उच्चारून पाहिला, जसा एखादा नासका पदार्थ जिभेच्या टोकाला लावून पाहतात, आणि त्या जिना चढून वर गेल्या. वर जाऊन त्यांनी जाहीर केले की यंदा बतुकम्मा ओट्यावर होणार नाही. वर, त्यांच्या मधल्या खोलीत होईल.

बिल्डिंगविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे संकट तिच्या अंगच्या गुणांमुळे ओढवले. दुसरी लढाई सुरू होण्याआधी करीमनगरकडून नरसय्या नावाचा लाकडाचा ठेकेदार वर्धा नदीच्या अलीकडच्या या कोळशाच्या गावी आला. खाणीला टेकू पुरवता पुरवता त्याने खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशी ही दुमजली इमारत बांधली आणि तिच्या कपाळावर सिमेंटमध्ये सन कोरून घेतला. त्याच्यामागून खाणमजूर आले, विणकर आले, गवंडी आले आणि भोवती तेलंगपुरा वसला. आता त्यांची नातवंडे घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि तेलुगू फक्त भांडताना व बतुकम्माच्या दिवसांत. इमारतीतला साग आलापल्लीच्या जंगलातला. हा साग इंदुताईंनी स्वतः तोडून आणला असावा, अशा सुरात त्या पाहुण्यांना दारे दाखवीत.

बतुकम्मा म्हणजे फुलांचा मनोरा. नवरात्रात बायका परातीत तरवड, कुरडू, झेंडू यांचे थरावर थर रचतात, शेंड्यावर हळदीची गौरम्मा बसवतात, तिच्याभोवती फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी, म्हणजे अष्टमीला, डोक्यावर घेऊन तलावात सोडतात. एकदा गौरम्मा बसली, की पाण्याला लागेपर्यंत त्यातले एक फूलही काढायचे नसते. तलावावर मधली मानाची जागा नरसय्या बिल्डिंगच्या बतुकम्माची. ती आल्याशिवाय फेर सुरू होत नाही. मात्र दिवेलागणीपर्यंत ती आली नाही, तर जी आधी येईल तिला ती जागा मिळते. आधी येण्यासाठी मिल कॉलनीच्या बायका दरवर्षी टपलेल्या असत. एकाच ताग्यातल्या साड्या नेसून, ट्रॅक्टरवर डीजे लावून त्या येत. देवीला ऐकू कमी येते, अशी त्यांची समजूत असावी, असे इंदुताई म्हणत.

बिल्डिंगची आणखी एक रीत नरसय्याच्या बायकोने घालून दिली होती. गौरम्मा ज्या उंबरठ्यातून बाहेर पडेल, त्या उंबरठ्याची बाई तिला डोक्यावर घेईल. ओटा सगळ्यांचा असल्यामुळे तिथून निघणारी बतुकम्मा सर्वांत वडील बाईच्या डोक्यावर जाई. सासूबाई गेल्यापासून ती बाई म्हणजे इंदुताई. आता वरच्या खोलीतून निघाली तर प्रश्नच उरत नव्हता. उंबरठाही इंदुताईंचा आणि डोकेही इंदुताईंचेच.

"पण वरून खाली कशी आणाची, ताई?" असे शेजारच्या बिऱ्हाडातल्या गिरजाने विचारले.

"जशी वर गेली तशी खाली येईल," इंदुताई म्हणाल्या.

हे उत्तर त्यावेळी सर्वांना पटले. इंदुताईंची उत्तरे लोकांना लगेच पटत. तो त्यांच्या आवाजाचा गुण होता. वास्तविक वर गेली होती ती फुले, टोपल्या-टोपल्यांनी. पोचूला पहाटेच टेम्पो घेऊन पोंभुर्ण्याकडे धाडले होते आणि तो कुरडू अशा हिशेबाने घेऊन आला होता की जणू ते उद्यापासून उगवणार नव्हते. त्याखेरीज वर गेली होती ती परात. दरवर्षीची नव्हे. मंजुषाला उत्तर द्यायचे असल्यामुळे इंदुताईंनी यंदा लग्नकार्यात भात उपसायची समाजाची मोठी पितळी परात मागवली होती, आणि पोचूने ती कडेवर उभी करून, चाकासारखी वळवत जिन्यातून वर आणली होती. कडेवर उभी. एवढी साधी गोष्ट बिल्डिंगमधल्या एकाही शहाण्या माणसाच्या लक्षात राहिली नाही, आणि शहाण्या माणसांचा तिथे मुळीच तुटवडा नव्हता.

दुपारपर्यंत मनोरा उभा राहिला. पांढरा थर, पिवळा थर, जांभळा रंग दिलेल्या कुरडूचा थर, पुन्हा पिवळा, आणि शेंड्यावर भोपळ्याच्या फुलात बसलेली गौरम्मा. बायका मागे सरून बघत राहिल्या. असली बतुकम्मा तेलंगपुऱ्याने पाहिली नव्हती, हे खरे आहे आणि ते कबूल केलेच पाहिजे. इंदुताईंनी मंजुषाला मुद्दाम निरोप पाठवून दर्शनाला बोलावले. ती म्हणाली, गिऱ्हाईक आहे, येत नाही.

ऊन कलल्यावर चौघींनी परात उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी आणली. तिथे ती थांबली.

नरसय्याचा जिना हा एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात काहीही नसलेल्या माणसासाठी केला होता. चोराला ओझे घेऊन पळता येऊ नये, हा त्यामागचा विचार, असे इंदुताई आजवर कौतुकाने सांगत. परात पुढे जाईना. मागे घेऊन किंचित कलती करून पाहिली, तो वरचे थर निसटू लागले आणि बायकांनी घाईघाईने ती पुन्हा सरळ केली.

लगेच सल्लागार जमले. खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गुणवंतराव आपली छत्री घेऊन आले. त्यांनी छत्रीने परात मोजली, मग जिना मोजला, मग पुन्हा परात मोजली, आणि शास्त्रीयदृष्ट्या ही बतुकम्मा येथून जाऊ शकत नाही, असा निर्णय दिला. ते आम्हाला दिसतेच आहे, असे त्यांना सांगण्यात आले. दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे, असे म्हणून ते छत्रीवर टेकून उभे राहिले. गिरजाने खालचे दोन थर काढून खाली पुन्हा लावू, असे सुचवले. इंदुताईंनी तिच्याकडे असे पाहिले की गिरजा स्वतःच्या घरात जाऊन दिवा लावून आली.

मग सुतार बोलावला. सज्ज्याकडच्या दाराची चौकट एका बाजूने कापली तर परात बाहेर गच्चीसारख्या सज्ज्यात काढता येईल आणि तिथून दोराने खाली, असा बेत ठरला. सुताराने विजेची करवत लावली. तिने थोडा वेळ किंचाळून पाते मोडून घेतले. त्याने दुसरे पाते लावले, तेही गेले.

"बाई, हे लाकूड हाय का लोखंड?" त्याने विचारले.

"आलापल्लीचा साग हाय," इंदुताई म्हणाल्या, आणि त्या संकटातही त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. सुतार उरलेले सामान आवरून गेला. जाताना चौकटीला हात लावून नमस्कार केला, हे मात्र त्याचे चांगले वळण म्हणायचे.

नेमके याच वेळी, करवतीच्या आवाजात, इंदुताईंना झाकण आठवले.

मधल्या खोलीच्या फळ्यांच्या जमिनीत, चटईखाली, एक चौकोनी सागवानी झाकण होते. खालच्या दुकानातली पोती थेट वर ओढून घ्यायला नरसय्याने ते ठेवले होते. भाताची परात त्यातून अलगद उतरली असती. तिच्यासारख्या दोन उतरल्या असत्या. फक्त झाकणाखाली आता धान्याचे दुकान नव्हते. तिथे मंजुषाचे पार्लर होते. म्हणजे गौरम्मा मंजुषाच्या उंबरठ्यातून बाहेर पडणार, आणि रीतीप्रमाणे मंजुषाच्या डोक्यावर बसून तलावाला जाणार. इंदुताईंनी एक खुर्ची ओढली, चटईच्या बरोबर मध्यावर ठेवली, आणि त्या तिच्यावर बसल्या. यापुढचे सर्व हुकूम त्या खुर्चीवरूनच सुटले.

पहिला हुकूम सज्ज्याच्या खिडकीचे गज काढण्याचा. ही खिडकी दारापेक्षा रुंद होती. पोचूने दोन गज हलवले तोच गुणवंतरावांनी छत्रीने समोरच्या विजेच्या तारा दाखवल्या. लाइनमन आला. तो म्हणाला की तारा बंद करायला कचेरीत अर्ज द्यावा लागतो आणि कचेरीला आज सुट्टी आहे. मग तू कसा आलास, असे इंदुताईंनी विचारले. तो म्हणाला, मी बिघाडासाठी आहे. तुमच्याकडे काही बिघडलेले नाही. बिघाड करून दाखवू का, असे पोचूने विचारले, तेव्हा त्याने आपली सायकल वळवली.

गज हलताना पाहून कुणीतरी पालिकेत फोन केला असावा. तेलंगपुऱ्यात अशी सेवाभावी माणसे आहेत. पालिकेचा बाबू आला, तो बगलेत 'धोकादायक इमारत' असे छापलेला कागद घेऊनच. असा कागद तो नेहमी जवळ बाळगत असावा. त्याने बतुकम्माला बूट काढून नमस्कार केला, फोनमध्ये तिचे फोटो घेतले, बूट पुन्हा घातले आणि मग सांगितले की इतक्या जुन्या इमारतीचा एक गज जरी काढला तरी ती दुरुस्ती समजली जाते, आणि दुरुस्ती समजली गेली की इमारत मजबूत असल्याचा दाखला लागतो.

"ही बिल्डिंग लढाईच्या आधीची हाय," इंदुताई खुर्चीवरूनच म्हणाल्या. "तुह्या पालिकेची नवीन टाकी बांधून दोन पावसाळे नाई झाले, गळून राह्यली. तिला चिकटव तो कागद."

बाबू म्हणाला की टाकी दुसऱ्या विभागाकडे आहे. मात्र त्याने कागद घडी करून परत बगलेत ठेवला आणि गज जागेवर बसवल्याशिवाय तो हलला नाही. जाता जाता, फेसबुकवर टाकायला काय नाव द्यायचे, असे त्याने विचारले.

सज्ज्यातून तलावाकडची बाजू दिसत होती. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेले होते. लांबून ट्रॅक्टरवरचा डीजे ऐकू येऊ लागला. बायका सगळ्या इंदुताईंकडे बघत होत्या, आणि इंदुताई खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसल्या होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदाच कोणाला काय हुकूम द्यावा हे सुचत नव्हते.

या सबंध दुपारभर त्यांचे यजमान इस्तारीभाऊ कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. खाणीत ओव्हरमन असताना ते बोलत. घरात त्याची आवश्यकता पडली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू ज्याच्यावर बसून राह्यली ना," ते म्हणाले, "ते झाकण उघड."

गुणवंतरावांनी छत्रीच्या टोकाने चटईची कड उचलली, वाकून पाहिले, आणि हे आधी कोणी का सांगितले नाही, असे विचारणार तोच इंदुताई उठल्या. त्यांनी पदर नीट केला. झाकणाविषयी आपण आताच बोलणार होतो, मध्ये कोणी बोलू देईल तेव्हा ना, असे त्या जिन्याकडे जाता जाता म्हणाल्या.

पार्लरमध्ये निळा उजेड होता. छताला तीन महिन्यांपूर्वी लावलेले प्लास्टरचे नक्षीदार अस्तर होते आणि त्यात चांदण्यांसारखे दिवे. मधल्या खुर्चीवर मिल कॉलनीच्या बायकांच्या म्होरक्या बाई चेहऱ्याला पांढरा लेप फासून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून आडव्या पडल्या होत्या. मानाच्या जागेवर डोळा ठेवणारीचे डोळे काकडीखाली होते, एवढीच काय ती देवीची कृपा.

मागणे हा प्रकार इंदुताईंनी कधी केला नव्हता. त्यामुळे तो कसा करतात याची त्यांना कल्पना नव्हती.

"तुह्या छताच्या वर माझं झाकण हाय," त्या म्हणाल्या.

मंजुषाने वर पाहिले. मग इंदुताईंकडे. वरची धावपळ, करवत, बाबू हे सगळे तिला अर्थातच कळले होते. अशा गोष्टी पार्लरमध्ये सर्वांत आधी येतात. ती वरोऱ्याची. तिथल्या मुली फार चटकन समजतात, हा त्यांचा दोषच आहे.

"म्हणजे हे पाडा लागते," ती म्हणाली.

"हो."

"काकू, फुलं पडतील ना माह्या टाइल्सवर."

इंदुताई गप्प राहिल्या. गप्प राहणे त्यांना अंगाला न बसणाऱ्या पोलक्यासारखे काचत होते. मंजुषाने तोंडावर हात धरून जरासे हसून घेतले, तेवढे तिचे येणे होते असे समजू, आणि दारातून हाक मारली. "पोचूभाऊ, हातोडा आना. लवकर." मग इंदुताईंकडे वळून ती म्हणाली, "छत काय, होते पुन्हा. मिल कॉलनीले पहिली जाऊ देता का?"

हे वाक्य इंदुताईंना अजिबात आवडले नाही. ते त्यांचे होते. ते म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि एका पार्लरवालीने ते त्यांच्या आधी म्हणून टाकले होते.

पोचूने हातोडा घातला. प्लास्टर एका घावात खाली आले. त्यात आलापल्लीचे काही नव्हते, हे इंदुताईंनी नोंदवून ठेवले. दिवे वायरींना लोंबकळू लागले. खुर्चीवरच्या बाईंना आवाजाने जाग आली, काकडीच्या चकत्या घसरल्या, आणि त्यांनी डोळे उघडले तो धुळीच्या लोटातून, निळ्या उजेडात, दोरांनी बांधलेली साक्षात गौरम्मा फुलांच्या डोंगरावर बसून त्यांच्याच दिशेने खाली येत होती. बाईंनी हात जोडले. आपण काय चुकलो, हे त्या मोठ्याने आठवू लागल्या. मानाची जागा बळकावण्याचा कट त्यात पहिल्या क्रमांकावर होता आणि तो सगळ्यांनी ऐकला. त्यांना दोघींनी धरून बाजूला केले, आणि परात खुर्चीवर टेकली. चारी बाजूंच्या आरशांत एकदम अनेक बतुकम्मा उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीचेही फूल हलले नव्हते. वरून, झाकणाच्या चौकोनातून, गुणवंतराव म्हणाले की शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर झाले.

काचेच्या रुंद दारातून परात सहज बाहेर पडली. ओट्यावर चौघींनी ती उचलून धरली आणि सगळ्या थांबल्या. ऊन गेले होते. डीजे मारुतीच्या चौकापर्यंत आला होता.

रीत सगळ्यांना ठाऊक होती. ती मोडायला लोक तयार होते, हेही उघड दिसत होते; इतक्या वर्षांत इंदुताईंच्या भीतीने त्यांनी पाळलेल्या रीती इंदुताईंच्याच भीतीने मोडायला त्यांची हरकत नव्हती. गिरजा तर म्हणालीच की झाकण वरचं, म्हणजे उंबरठा वरचाच धरू. मंजुषा केसांतली प्लास्टरची धूळ झटकत उभी होती.

"काकू, तुम्हीच घ्या," ती म्हणाली. "मी मागून येतो."

हे दान होते. इंदुताईंना आजवर कोणी काही दिले नव्हते. जे त्यांचे होते ते त्यांनी घेतले होते. डोक्यावर घेऊन निघाल्या असत्या तर तलावावरच्या कोणालाही काही कळले नसते. मंजुषाला मात्र कळले असते, दर वर्षी कळले असते, आणि ती कधी बोलली नसती. ते न बोलणे वर राहून आयुष्यभर ऐकणे इंदुताईंना शक्य नव्हते.

"रीत काय तुह्यासाठी बदलवू?" त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्या डोक्यावरची कापडाची चुंबळ काढली आणि मंजुषाच्या डोक्यावर, तिच्या सकाळी बसवलेल्या केशरचनेवर, दाबून बसवली. आवश्यकतेपेक्षा किंचित जोरात. "मान सरळ ठेव. पाय पाहू नको. हसू नको. तू काय दुकानाचं उद्घाटन करून नाई राह्यली."

परात मंजुषाच्या डोक्यावर चढली. दोघी बाजूने आधाराला राहिल्या आणि इंदुताई बरोबर मागे. तलावापर्यंतच्या वाटेत त्यांनी तिला एकदाही सुखाने चालू दिले नाही. डावीकडे घे. खड्डा हाय. पदर खोच. तुम्ही वरोऱ्याच्या मुली चालता का धावता. मंजुषा प्रत्येक वेळी "हो काकू" म्हणत होती, आणि तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि ती एकदाही अडखळली नाही. मारुतीच्या चौकात त्यांनी ट्रॅक्टरला मागे टाकले. आपली म्होरकी लेप लावलेल्या तोंडाने नरसय्या बिल्डिंगच्या घोळक्यात हात जोडून चाललेली पाहून मिल कॉलनीच्या बायकांनी डीजे आपणहून बंद केला.

तलावावर पहिले दिवे लागत होते. मधली जागा मोकळी होती. बायकांनी वाट करून दिली. त्या सगळ्या आधी फुलांकडे बघत, मग फुलांखालच्या चेहऱ्याकडे, आणि मग मागे इंदुताईंकडे. काठावरच्या एका म्हातारीने शेवटी विचारलेच की यंदा बतुकम्मा कोणाची म्हणायची.

मंजुषा तोंड उघडणार होती. ती काय म्हणेल हे इंदुताईंना नेमके माहीत होते, आणि तेवढे तरी त्या तिला बोलू देणार नव्हत्या.

"हिचीच हाय," इंदुताई म्हणाल्या. "वाकडी धरली हाय, दिसत नाई का?"